हिशेब लिहिणाऱ्या हाताची जबाबदारी

नांदेडच्या एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे म्हणून सगळं देत नाही, आणि त्यांचं नाव, गल्ली, संस्था यांतलंही काही सांगत नाही. हकिकत थोडक्यात अशी. त्या बी.कॉम. आहेत. लग्न झालं, दोन मुलं झाली, दहा-बारा वर्षं घरातच गेली. मुलं शाळेत रमल्यावर एका नागरी पतसंस्थेत त्यांना हिशेबनिसाची, हल्लीच्या भाषेत अकाउंटंटची, नोकरी मिळाली. सासूबाई म्हणाल्या, “आकडेच तर लिहायचेत. त्यासाठी घर सोडून कशाला जायचं?” तरी त्या रुजू झाल्या. काम अंगवळणी पडलं, पहिल्या पगारातून सासूबाईंना इरकल साडी आली, घरातला सूरही जरा बदलला.

आणि मग मार्चअखेर आली. सचिवांनी सात-आठ थकलेल्या कर्जांची यादी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, “ताई, एवढ्यांचं ३१ मार्चच्या तारखेनं नवं-जुनं करून टाका. सह्या आपण नंतर घेऊ.” त्यांनी दोन दिवस काहीबाही कारण सांगून टाळलं. घरी यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, “तू कशाला मध्ये पडतेस? साहेब सांगतात ते लिही. जबाबदारी त्यांची.” पत्राच्या शेवटी भगिनींनी विचारलंय, “ताई, हिशेबनिसाचं काम नेमकं कोणतं? सांगितलेलं लिहायचं, की घडलेलं लिहायचं?”

त्यांना मी उत्तर वेगळं पाठवलं आहे. पण हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. आज नांदेड-लातुरात किती तरी बायका आडत दुकानात, डाळमिलमध्ये, शाळेच्या कार्यालयात, दवाखान्याच्या काउंटरमागे बसून हिशेब लिहितात. आपल्या लातुरात घराघरांत डॉक्टर-इंजिनिअरची तयारी चालते, पण हिशेबाच्या कामाबद्दल मुलीला चार शब्द सांगणारं कुणी नसतं. मी स्वतः बी.ए. मराठी. शाळेत अर्धवेळ तास घेते, ताळेबंद शिकवत नाही. म्हणून ओळखीच्या एका सनदी लेखापालबाईंकडे आणि शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे बसून सगळं नीट समजावून घेतलं, आणि मगच लिहायला बसले.

घरचा हिशेब आणि बाहेरचा हिशेब

मैत्रिणींनो, हिशेब आपण सगळ्याजणी लिहितो. दूध, किराणा, गॅस, फी, आलेगेले. महिनाअखेरीस पन्नास रुपये जुळले नाहीत तर ‘किरकोळ’ असं लिहून मोकळ्या होतो. हा हिशेब आपला आपल्यासाठी असतो. त्याचा जाब विचारायला बाहेरचं कुणी येत नाही.

दुकानाचा, कंपनीचा, पतसंस्थेचा हिशेब मात्र बाहेरच्या माणसाला दाखवायचा असतो. कर्ज देणारी बँक, कर घेणारं सरकार, उधारीवर माल पाठवणारा व्यापारी, आणि पतीमागे मिळालेली रक्कम ठेव म्हणून ठेवणारी एखादी बाई. यांतल्या कुणालाही तिजोरी उघडून बघता येत नाही. त्यांना दिसते ती फक्त वही, म्हणजे वर्षाअखेरचं नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद. वित्तीय हिशेब, फायनान्शिअल अकाउंटिंग म्हणतात ते हेच. हिशेबनीस पगार मालकाकडून घेते, पण लिहिते ती या न दिसणाऱ्या माणसांसाठी. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली की बाकीची कामं आपोआप उलगडतात.

हे काही आजचं नाही. आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा इथे निजामाचा हाली सिक्का चालायचा, आणि इंग्रजी मुलखात कलदार रुपया. शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या भाषेत सहा कलदारांना सात हाली. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. बार्शी इंग्रजी मुलखातली, लातूर निजामाच्या. म्हणजे गाडीत माल चढला की हिशेबाचं नाणं बदललं. व्यापाऱ्याचे मुनीमजी, दिवाणजी हे गणित सांभाळायचे. बार्शीच्या किंवा मुंबईच्या पेढीला लातूरची तिजोरी दिसत नव्हती. तिचा भरवसा होता तो दिवाणजींच्या वहीवर. आज नाणं एकच आहे, वहीच्या जागी टॅली आली आहे, पण काम तेच आहे.

रोजचं, महिन्याचं, वर्षाचं

रोजचं काम म्हणजे व्हौचर आणि रोजकीर्द. पैसा आला तर पावती, गेला तर व्हौचर. त्यावर तारीख, रक्कम, कारण, देणाऱ्या-घेणाऱ्याची सही आणि मंजुरी देणाऱ्याची सही. त्यावरून कीर्दीत नोंद, कीर्दीवरून खतावणीत त्या त्या खात्यावर. संध्याकाळी कीर्दीची शिल्लक आणि पेटीतले पैसे जुळले पाहिजेत. जुन्या दिवाणजींचा नियम होता, कागदाशिवाय नोंद नाही. स्वयंपाकात मीठ जितकं आवश्यक तितका हा नियम आवश्यक.

प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा, ही द्विनोंदी पद्धत. इटलीच्या व्यापाऱ्यांत ती रूढ होती, आणि लुका पाचोली नावाच्या धर्मगुरूंनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ती नीट मांडली. त्यातलं मर्म साधं आहे. तुम्ही पाच हजारांचा मिक्सर रोख घेतला तर पेटीतले पाच हजार कमी झाले आणि घरात पाच हजारांची वस्तू वाढली. दोन्ही बाजू लिहिल्या की एक बाजू दुसरीवर लक्ष ठेवते. महिनाअखेर सगळ्या खात्यांची तेरीज काढली की दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. नाही आल्या तर कुठे तरी चूक आहे. पण एक लक्षात ठेवा. बेरजा जुळल्या म्हणजे हिशेब खरा असं होत नाही. खोटी नोंदसुद्धा दोन्ही बाजूंनी लिहिली की व्यवस्थित जुळते!

महिन्याचं काम म्हणजे बँकेच्या उताऱ्याशी आपली वही ताडून बघणं. आपण दिलेला चेक वटला का, बँकेनं कापलेलं शुल्क लिहिलं का, ते बघायचं. येणेकऱ्यांची यादी काढायची, कोणाची बाकी किती महिन्यांची झाली ते मालकांपुढे ठेवायचं. शिवाय तारखा असतात. पगारातून किंवा बिलातून कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला, भविष्यनिर्वाह निधी १५ ला, दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांचं ते २० ला. तारीख चुकली की व्याज आणि दंड, आणि बोल हिशेबनिसाला. जाता जाता नोकरी करणाऱ्या भगिनींसाठी एक गोष्ट. महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून व्यवसाय कर माफ आहे. तुमच्या पगारपत्रकात तो कापला जातोय का, ते बघून घ्या.

वर्षाचं काम ३१ मार्चला. गोदामात जाऊन माल मोजायचा, यंत्रांचा घसारा काढायचा, दिलेले-न-दिलेले खर्च लावायचे, बुडण्याच्या मार्गावरच्या येण्यासाठी तरतूद करायची आणि मग नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद तयार करायचा.

यात बायकांना सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे पेटीतला पैसा आणि नफा यांतला फरक. समजा, एका भगिनीनं घरी पापड-मसाल्याचा उद्योग काढला. पहिल्या महिन्यात ३० हजारांचा माल विकला. त्यातले २२ हजार हातात आले, ८ हजार उधारी राहिली. डाळ, मिरची, मसाला १६ हजारांचा आणला, त्यातला ४ हजारांचा शिल्लक आहे. मजुरी आणि वीज ५ हजार. आणि २४ हजारांचं दळणयंत्र घेतलं. पेटी उघडली तर तिनं घरातले २३ हजार वर घातलेत. ती म्हणणार, “धंदा बुडाला गं बाई.” पण हिशेबनीस काय म्हणेल? विक्री ३० हजार. वापरलेला कच्चा माल १२ हजार. मजुरी-वीज ५ हजार. यंत्र पाच वर्षं चालणार, म्हणजे ६० महिने, तर या महिन्याच्या वाट्याला घसारा ४०० रुपये. नफा झाला १२ हजार ६००. धंदा चांगला आहे, फक्त यंत्रात पैसा गुंतलाय. आता यातच उलटा धोकाही बघा. ते उधारीचे ८ हजार कधीच आले नाहीत तर हा नफा ४ हजार ६०० वर येतो. म्हणून ‘येणं’ लिहिताना ते खरंच येणार आहे का, हे प्रामाणिकपणे विचारणं हिशेबनिसाचं कर्तव्य आहे. नांदेडच्या भगिनींचा प्रश्न नेमका इथेच येतो.

‘नवं-जुनं’ कशाला म्हणतात?

पीककर्जामुळे हा शब्द आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. जुनं कर्ज व्याजासकट भरायचं आणि नवं उचलायचं. शेतकऱ्यानं पैसे भरले, अर्ज केला, सही केली आणि बँकेनं नियमाप्रमाणे नवं कर्ज दिलं, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. एखाद्याची खरोखर अडचण आहे म्हणून संचालक मंडळानं ठराव करून हप्ते वाढवून दिले आणि वहीत तसं उघड लिहिलं, तेही चालतं.

पण नांदेडच्या पत्रातला प्रकार वेगळा आहे. समजा ५० हजारांचं कर्ज थकलंय, त्यावर ८ हजार व्याज चढलंय. कर्जदार वर्षभर फिरकलेला नाही. ३१ मार्चला वहीत लिहायचं की त्यानं ५८ हजार भरले, आणि त्याच दिवशी त्याला ५८ हजारांचं नवं कर्ज दिलं. माणूस आला नाही, पैसा हलला नाही, कुणाची सही नाही. पण वहीत काय झालं? थकबाकी शून्य झाली. न आलेलं ८ हजारांचं व्याज उत्पन्नात जमा झालं. नफा वाढला. त्या नफ्यावर लाभांश जाहीर झाला, वार्षिक सभेत टाळ्या पडल्या. लाभांशाचे पैसे मात्र खरे द्यावे लागतात. ते कुठून येणार? ठेवीदारांच्या पैशांतून. पुढच्या मार्चला तेच कर्ज ६५-७० हजारांचं होऊन पुन्हा नवं. असं चार-पाच वर्षं चाललं की वहीत संस्था फुगलेली असते आणि तिजोरीत खडखडाट. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

संस्था बुडते म्हणजे काय होतं, ते आपल्या मराठवाड्यानं पाहिलंय. २०२३ साली छत्रपती संभाजीनगरची आदर्श नागरी पतसंस्था आणि बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट या दोन्ही ठिकाणचे ठेवीदार आपल्याच पैशांसाठी रस्त्यावर आले. त्यात मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम होती, निवृत्तीचे पैसे होते, रोजच्या पिग्मीतून जमवलेले शंभर-पन्नास होते. प्रत्येक प्रकरणाची कारणं वेगळी, त्यांचा निवाडा न्यायालयं करतील. पण ठेवीदाराची गत सगळीकडे सारखीच. आणि हे ध्यानात ठेवा की बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो. तिथे ठेवीदाराला आधार असतो तो खऱ्या हिशेबाचाच.

म्हणून सासूबाईंना नमस्कार करून सांगावंसं वाटतं, “आई, तुमची सून नुसते आकडे लिहीत नाही. तुमच्यासारख्या शेकडो जणींची पुंजी तिच्या लेखणीच्या टोकावर आहे.”

“साहेबांनी सांगितलं होतं”

आता यजमानांचं म्हणणं. ‘जबाबदारी साहेबांची’ हे अर्धंच खरं आहे. साहेबांची जबाबदारी आहेच, पण लिहिणाऱ्याची संपत नाही. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचं उदाहरण घ्या. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५ हजार कोटींहून अधिक रोख आणि बँकशिल्लक प्रत्यक्षात नव्हतीच. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यात अध्यक्ष होते, वित्तप्रमुख होते, तपासणारे लेखापरीक्षक होते, आणि वित्त विभागात काम करणारे नोकरही होते. पुढे अपील झालं, शिक्षेला स्थगिती मिळाली. पण पगारी नोकर म्हणून ती माणसं त्या यादीतून सुटली नाहीत, हे आपण घ्यायचं.

कायदाही तेच सांगतो. फसवण्याच्या हेतूनं जाणूनबुजून खोटा हिशेब लिहिणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैदेचा. जुन्या भारतीय दंड संहितेत त्याचं वेगळं कलम होतं, ४७७-अ, आणि त्यात ‘कारकून, अधिकारी किंवा नोकर’ असे शब्दच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा कायम आहे. शिवाय आता सगळं संगणकावर असतं. कंपन्यांसाठी तर १ एप्रिल २०२३ पासून असं बंधन आहे की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याची आपोआप खूण राहिली पाहिजे आणि ती बंद करता येऊ नये. पूर्वी खाडाखोड डोळ्यांना दिसायची, आता ती यंत्राला दिसते. तेव्हा यजमानांशी भांडू नका. जेवणं झाल्यावर शांतपणे एवढंच विचारा, “उद्या चौकशी आली तर ती नोंद कुणाच्या नावाच्या पासवर्डनं केलेली निघेल?”

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, नाही म्हणण्याआधी कागद मागा. “साहेब, कर्जदाराचा अर्ज, त्यांची सही आणि मंडळाचा ठराव द्या, लगेच नोंद करते.” यात उद्धटपणा नाही, कामाची रीत आहे. अर्ध्या वेळेला प्रकरण इथेच थांबतं, कारण मागणाऱ्यालाही ठाऊक असतं की कागद नाहीत.

दुसरी गोष्ट, आपला पासवर्ड कुणाला देऊ नका, आणि दुसऱ्याच्या पासवर्डनं काम करू नका. “तुम्ही चहा घेऊन या, तोवर मी टाकतो एवढ्या नोंदी,” असं कुणी म्हणालं तर मशीन बंद करून उठा. कोऱ्या व्हौचरवर, कोऱ्या चेकवर सही तर देवाशपथ करू नका.

तिसरी गोष्ट, सांगूनही आग्रह चालूच राहिला तर तोंडी वाद घालत बसू नका. दोन ओळींचं साधं पत्र लिहा. अमुक तारखेला अमुक खात्यांची नोंद करायला सांगितलं, आधारपत्रं मिळालेली नाहीत, ती मिळाल्यावर नोंद करीन. एक प्रत अध्यक्षांना द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेऊन घरी ठेवा. लेखापरीक्षक तपासणीला येतील तेव्हा त्यांनी विचारलेलं लपवू नका.

इथे तीन माणसांतला फरक समजून घ्या. पैसे घेतो-देतो तो रोखपाल. लिहिते ती हिशेबनीस. आणि लिहिलेलं बाहेरून येऊन तपासतो तो लेखापरीक्षक. पैसे हाताळणारा आणि लिहिणारा शक्यतो एकच माणूस नसावा, आणि लिहिणाऱ्यानंच तपासू नये. लहान संस्थेत ‘ताई, कॅशपण तुम्हीच बघा’ असं गोडीनं सांगतात. मान मिळाल्यासारखं वाटतं, पण उद्या शंभराची नोट कमी आली तर दोन्ही बाजूंनी बोट तुमच्याकडे. बचत म्हणून एकच माणूस ठेवला असेल तर रोज संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडून तरी पेटी मोजून सही घ्या.

चौथी गोष्ट, एवढं करूनही थांबलं नाही तर नोकरी सोडायची तयारी ठेवा. हे लिहिताना मला सोपं वाटत नाही. दहा-बारा वर्षांनी मिळालेली नोकरी, घरात नुकताच बदललेला सूर, मुलांच्या फीची तारीख. हे सगळं खरं आहे आणि त्याचा चटका बसणार. पण सोडताना तशाच निघून येऊ नका. कोणत्या वह्या, कोणत्या चाव्या, किती शिल्लक, कुठवर नोंदी झाल्यात, याची यादी करून लेखी चार्ज द्या, त्यावर सही घ्या. राजीनाम्याची प्रत ठेवा. तालुक्याला सहाय्यक निबंधक आणि जिल्ह्याला उपनिबंधक, सहकारी संस्था, यांची कार्यालयं आहेत. तिथे लेखी कळवता येतं. आणि ज्या बाईला टॅली येतं, जीएसटीच्या तारखा पाठ आहेत आणि जिच्या नावाला डाग नाही, तिला दुसरं काम शोधताना यातलं काहीच वाया जात नाही. आडत दुकानाला, डाळमिलला, औषधांच्या दुकानाला अशी माणसं लागतातच.

या कामात बायकांनी पाय रोवलाय तो काल-परवा नव्हे. मद्रासच्या आर. शिवभोगम १९३३ साली परीक्षा देऊन भारतातल्या पहिल्या स्त्री लेखापाल झाल्या. त्याआधी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला होता. देशात सनदी लेखापालांची संस्था निघाली ती त्यानंतर, १ जुलै १९४९ ला.

ज्या नोकरी करत नाहीत त्यांच्यासाठी

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आम्ही घरीच आहोत. पण बघा, बचत गटाच्या अध्यक्ष-सचिव म्हणून बँकेत सह्या कुणाच्या असतात? यजमानांच्या फर्ममध्ये भागीदार म्हणून, कंपनीत संचालक म्हणून नाव कुणाचं घातलेलं असतं? “इथे सही कर गं,” म्हटलं की पदराला हात पुसून आपण सही करतो. यापुढे दोन मिनिटं कागद वाचा. न कळणारा आकडा विचारा. घरच्या माणसाला विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला पाचवं सूत्र हिशेबलेखनाचं ठेवलंय, ते उगाच नाही. गटात एकाच शिकलेल्या बाईनं वर्षानुवर्षं वही घरी नेऊन लिहायची आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, हे त्या बाईच्याही हिताचं नाही. वही बैठकीतच लिहावी, मोठ्यानं वाचून दाखवावी, पैसे सगळ्यांसमोर मोजावेत.

आणि तुम्ही एखाद्या पतसंस्थेच्या सभासद असाल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० तुम्हाला एक हक्क देतो. शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, आणि वहीतला तुमच्या स्वतःच्या व्यवहारांचा भाग तुम्ही कार्यालयीन वेळेत जाऊन फुकट बघू शकता. संस्थेचा हिशेब वर्ष संपल्यावर चार महिन्यांत तपासून घ्यावा लागतो आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेला नुसतं अल्पोपाहारापुरतं जाऊ नका. उभं राहून तीन प्रश्न विचारा. थकबाकी एकूण कर्जाच्या किती टक्के आहे? बुडीत कर्जासाठी तरतूद किती केली? लेखापरीक्षकांनी कोणते दोष दाखवले आणि त्यांची पूर्तता झाली का? उत्तर देताना कुणी ‘ताई, ते तांत्रिक आहे’ म्हणालं तर बसू नका, “मग साध्या भाषेत सांगा,” म्हणा. तुम्ही असे प्रश्न विचारलेत तर आत बसलेल्या हिशेबनीस बाईचा कणा जास्त ताठ होतो. तिला खोटं लिहायला सांगणाऱ्याला आधी तुमची आठवण होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो, आणि घरातल्या गोष्टींसाठी ते ठीकच आहे. पण दुसऱ्यांचे पैसे ज्या मुठीत आहेत ती मूठ उघडी हवी. ती उघडी ठेवणं, जे आलं ते आलं आणि जे नाही आलं ते नाही आलं असं तारीखवार लिहिणं, हेच हिशेबनिसाचं काम. बाकी बेरजा-वजाबाक्या आता यंत्रही करतं.

तुमच्या गावात, तुमच्या गटात हिशेब कोण लिहितं, कसा लिहिला जातो, ते जरूर कळवा. नावं छापणार नाही.